बॅटरीशिवाय, फक्त सौर पॅनेलवर लहान शेततळ्यात हवा खेळवता येते का?

होय, पॅनेलला थेट जोडलेल्या डीसी एअर पंपाने लहान शेततळ्यात दिवसा हवा खेळवता येते; मात्र मासे दाटीने सोडलेले असतील, तर बॅटरीशिवाय भागणार नाही. याचे कारण असे की पाण्यात विरघळलेला प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे, सूर्योदयाच्या सुमारास, कारण शेवाळ व पाणवनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषणातून प्राणवायू देतात आणि रात्री माशांप्रमाणेच तो वापरतात. म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी पॅनेल बंद असते. तरीही दिवसाचे वायुवीजन वाया जात नाही. तळाशी ठेवलेल्या डिफ्यूझरमधून (हवेचे बारीक बुडबुडे करणाऱ्या सच्छिद्र तुकड्यातून) निघणारे बुडबुडे खालचे गार, प्राणवायूहीन पाणी वर आणतात, वरचे पाणी खाली जाते आणि रात्रीसाठी साठा केवळ पृष्ठभागाजवळ न राहता पूर्ण खोलीभर तयार होतो. उन्हाळ्यात हा साठा मुळातच तोकडा पडतो, कारण २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना सुमारे साडेसातच. पंप निवडताना खोली पाहावी: दर मीटरला सुमारे १० किलोपास्कल दाब लागतो, शिवाय नळी व डिफ्यूझरचा अडथळा वेगळा. गाळ साचलेल्या जुन्या तळ्यात मात्र पंप पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ चालवू नये. तळाचे प्राणवायूहीन, हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असलेले पाणी एकदम वर मिसळल्यास मासे मरू शकतात, म्हणून अर्ध्या तासापासून सुरुवात करून वेळ रोज थोडा वाढवत न्यावा.