पाठ आहे, तरी पेपरात सुचत का नाही?

"मॅडम, पोरगी दिवसरात्र वाचालीय. सगळं पाठ पण आहे. पण पेपरात प्रश्न जरा फिरवून आला की कोरा सोडून येतीय."

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठूनही पालक आले तरी शब्द थोडेफार हेच असतात. आणि त्यामागे एक भीती असते, ती बहुतेक जण मुलाला बाहेर पाठवून मग हळू आवाजात बोलतात: बुद्धीच कमी आहे का? तिचं उत्तर मी लगेच देते. नाही. जे मूल पानंच्या पानं पाठ करू शकतं, त्याच्या बुद्धीत खोट नाही. त्याला अभ्यास म्हणजे फक्त उत्तरं गोळा करणं, एवढंच शिकवलं गेलंय. स्वतः प्रश्न विचारायची वेळ त्याच्यावर कधी आलेलीच नाही.

जांबोटीकडच्या एका मुलीची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, आणि बऱ्याच भेटींतलं मोजकंच इथं घेतलंय.

नववीत, मराठी माध्यमात शिकणारी मुलगी. पुढच्या वर्षी एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावीची बोर्डाची परीक्षा, म्हणून घरच्यांना घोर लागलेला. तिची समाजविज्ञानाची वही बघण्यासारखी होती. प्रत्येक धड्याखालचे प्रश्न निळ्या शाईत, उत्तरं काळ्या शाईत, महत्त्वाच्या शब्दांखाली पट्टी लावून ओढलेली लाल रेघ. नद्यांच्या धड्यातलं काहीही विचारा, वहीतलं वाक्य जसंच्या तसं बाहेर येई. मी वही मिटली आणि म्हटलं, "आता या धड्यावर तू मला तीन प्रश्न विचार."

"धड्याखालचे?"

"नाही, तुझे."

"माझे म्हणजे?"

तिनं आईकडे पाहिलं. बराच वेळ गेला. मग तिनं विचारलं: मलप्रभेचा उगम कुठे होतो? ती कोणत्या नदीला मिळते? तिच्यावरचं धरण कुठे आहे? कणकुंबी, कृष्णा, सौंदत्तीजवळचं नविलुतीर्थ. तिन्ही उत्तरं पुस्तकात बोट ठेवून दाखवता येतील अशी.

बेंजामिन ब्लूम या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञानं १९५६ साली आपल्या सहकाऱ्यांसोबत विचारांच्या सहा पायऱ्या मांडल्या. २००१ साली त्यांची सुधारित मांडणी झाली: आठवणं, समजणं, वापरून बघणं, सुटं करून तपासणं, पारखणं आणि नवं रचणं. या मुलीचे तिन्ही प्रश्न पहिल्याच पायरीवरचे होते, आणि परीक्षेतले 'फिरवून' आलेले प्रश्न असतात वरच्या पायऱ्यांवरचे. पायऱ्यांचा तक्ता काढून देणं सोपं आहे. पुष्कळ शिक्षक तो भिंतीवर लावतातही. पण मूल वर चढतच नसेल, तर पाय कुठं अडलाय हे आधी बघावं लागतं.

"वर्गात काही अडलं तर विचारतेस?"

"नाही."

"का गं?"

"पोरं हसतात."

"हसली तर काय होईल?"

"मला येत नाही हे सगळ्यांना कळेल."

"आणि येत नाही हे तुझं तुलाच कळतं, तेव्हा काय करतेस?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तेव्हा मी पाठ करते."

या चार शब्दांनी सगळं प्रकरण उलगडलं. माझा कल पहिल्यापासून अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीकडे आहे. घटनेपेक्षा त्या घटनेबद्दल आपण मनाशी काय घोकतो, ते माणसाला जास्त अडवतं, असं ती सांगते. या मुलीनं मनाशी घोकलं होतं: प्रश्न विचारणारा तो मठ्ठ, उत्तर देणारा तो हुशार. म्हणून न कळलेल्या प्रत्येक गोष्टीवर ती पाठांतराचं पांघरूण घालत आली होती.

आपल्या सीमाभागात याला आणखी एक कारण मला दिसतं. घरात, गल्लीत मराठीच कानावर पडलेल्या मुलाला शाळेत कन्नडही लिहावं लागतं. भाषा बोलायची सवय नसली की उत्तर अर्थ न कळताच पाठ केलं जातं, कारण त्या घडीला दुसरा मार्ग सापडत नाही. हळूहळू तीच रीत विज्ञानाला लागते, इतिहासाला लागते, मग गणितालाही. कन्नड समजून शिकायची सोय केली की बाकीच्या विषयांतलं पाठांतरही सैल होतं, असं मी बऱ्याच मुलांच्या बाबतीत पाहिलंय.

तर त्या मुलीशी मी एक ठराव केला. इथं माझ्यासमोर विचारलेला कुठलाही प्रश्न चुकीचा धरायचा नाही. आणि प्रश्न असा शोधायचा, ज्याचं उत्तर पुस्तकात एका जागी सापडत नाही. पुढच्या भेटींत ती बिचकत काहीबाही विचारत राहिली. मग एकदा बोलता बोलता थांबली.

"मॅडम, एक विचारू? वेड्यासारखं असेल तर सोडा."

"विचार."

"समुद्र आमच्या पश्चिमेला. माझा मामा चोर्ल्यावरून गोव्याला कामाला जातोय, लांब नाही ते. मग मलप्रभा तिकडं जायचं सोडून उलटी कुठं चालली?"

मी उत्तर दिलं नाही. विचारलं, "तुमच्या तालुक्यातली गोव्याला जाणारी नदी कुठली?"

"म्हादई." आणि लगेच, "हां! मग ती कशी जाती?"

आता प्रश्न तीच विचारत होती आणि उत्तरंही तीच शोधत होती. चोर्ल्याचा घाट तिनं मामाच्या गाडीवरून पाहिलेला. गाडी जिथून खाली उतरायला लागते, ती जागा तिच्या डोळ्यांसमोर होती. तिनं माझ्या टेबलावरची वही उभी उघडी ठेवली, तंबूसारखी. एका बाजूवरून बोट खाली सोडलं: "इकडं पडलेला पाऊस गोव्यात." दुसऱ्या बाजूवरून सोडलं: "इकडं पडलेला कृष्णेत, म्हणजे बंगालच्या उपसागरात." मग स्वतःच म्हणाली, "म्हणजे कणकुंबीत कळसा नाला म्हादईला जातो आणि मलप्रभा पूर्वेला, ते ह्याच्यामुळंच!"

इतका वेळ गप्प बसलेली आई तेव्हा बोलली. सातवीपर्यंत शिकलेली बाई. "मग गं, आपल्या विहिरीचं पाणी कुठल्या बाजूचं?"

"आपला ओढा कशाला मिळतो?"

"मलप्रभेला की."

"मग आपण बंगालच्या उपसागराकडचे."

"एवढ्या लांब जातंय ते?" आईनं विचारलं. आणि लेक तिला मलप्रभा कृष्णेला मिळते त्या कूडलसंगमापर्यंतचा नदीचा ३०० किलोमीटरहून जास्त लांबीचा प्रवास आणि पुढची कृष्णा सांगत बसली. त्यातलं एकही वाक्य वहीतलं नव्हतं. त्या बैठकीत मी एकही उत्तर दिलं नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो.

त्या एका प्रश्नामागून बाकीचे आपसूक आले. एकाच जिल्ह्यात कणकुंबीला धो धो पाऊस आणि अथणीला दुष्काळ, असं का? डोंगर इतका उंच नसता तर? म्हादईचं पाणी इकडं वळवलं तर कुणाचा फायदा, कुणाचं नुकसान? म्हादई जलविवाद लवादानं २०१८ साली कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, ही बातमी तिनं स्वतः शोधून आणली. आणि विचारलं, "हे वाटप बरोबर की चूक, हे कशावरून ठरवायचं?" हा पारखण्याच्या पायरीवरचा प्रश्न होता, आणि तिला त्या पायरीचं नावसुद्धा मी सांगितलं नव्हतं.

आता घरी काय करायचं ते सांगते. धडा वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि मुलानं तीन प्रश्न लिहायचे. पहिला, उत्तर एका ओळीत सापडेल असा. दुसरा, दोन ठिकाणची माहिती जोडावी लागेल असा. तिसरा, उत्तर पुस्तकात नाहीच असा. पहिला प्रश्न टाळू नका. कणकुंबी कुठं आहे हे माहीत नसतं तर तिला पुढचं काहीच सुचलं नसतं. सुरुवातीला मुलं अडतात, तेव्हा हाताशी चार शब्द द्यावेत: का, कशावरून, नसतं तर, आणि मग अमुक ठिकाणी असं का नाही.

निपाणीच्या एका दहावीतल्या मुलाला धमनी आणि शिरा यांतला फरक मुद्देवार पाठ होता, पण मुद्दे उलटेपालटे व्हायचे. त्यानं 'धमनीची भिंतच जाड का?' एवढं विचारलं. हृदय रक्त जोरानं ढकलतं, तो दाब धमनीला सोसावा लागतो. शिरेपर्यंत दाब उरत नाही, म्हणून भिंत पातळ, आणि रक्त मागं फिरू नये म्हणून झडपा. सगळे मुद्दे एकाच कारणाला येऊन मिळाले, आणि पुन्हा उलटे झाले नाहीत.

आईवडील म्हणतात, आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय विचारणार? वर विहिरीचा प्रश्न विचारणारी आई सातवी शिकलेली होती. तंबाखूचा दर आवंदा का पडला, यावर रात्र रात्र बोलणारे वडील रोज वरच्या पायरीवरचे प्रश्न विचारतच असतात. मुलाला समोर बसवून "मला हे कळलं नाही, सांग बघू" म्हणा. उत्तर आलं नाही तर रागावू नका, "उद्या शोधून सांग" म्हणा. आणि "मोठ्यांना उलट विचारू नये" हे वाक्य अभ्यासाच्या वेळी तरी घरात नको.

सगळ्यांची शेवटची शंका असते वेळेची: यात पोर्शन मागे पडणार नाही का? सुरुवातीला थोडा पडतो. म्हणून परीक्षा तोंडावर आलेली असताना हे सुरू करू नका. तेव्हा 'पासिंग पॅकेज', म्हणजे पास होण्यापुरता नेमका अभ्यास, हातात घेतलेल्या मुलाला ते तरी नीट करू द्या. जूनमध्ये शाळा उघडली की सुरू करा, किंवा दसऱ्याच्या सुट्टीत. एकच विषय घ्या, तोही मुलाला त्यातल्या त्यात आवडणारा. दिवसाला एक धडासुद्धा नको, आठवड्याला दोन पुरेत.