बीएस्सी केमिस्ट्रीला कॉमर्सचा ओई कशाला? आणि ऑनर्सचं चौथं वर्ष करावं का?

तू लिहिलंयस की कोल्हापुरात बीएस्सी फर्स्ट इयरला आहेस, पुढं केमिस्ट्रीच धरायचीय, पण ओईला (ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे दुसऱ्या शाखेचा विषय) कॉमर्सचा पेपर आणि वर आयकेएस (भारतीय ज्ञानप्रणाली), व्हीईसी (मूल्यशिक्षण), सीसी (एनएसएससारखे सहअभ्यासक्रम) अशी सगळी बाराखडी गळ्यात पडलीय, आणि अमेरिकेत ऑनर्स प्रोग्रामला असलेली मावसबहीण म्हणते की असले मिक्स विषयच तिला सगळ्यात जास्त आवडतात. म्हणजे एक तर ती थापा मारतेय नाहीतर आपल्याकडं काहीतरी गंडलंय. मी इथंच एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते (तासिका तत्त्वावर, त्यामुळं पगार विचारू नये). फर्स्ट इयरचा आहेस म्हणून अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस.

बहीण थापा मारत नाही. तिकडं बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत ऑनर्स प्रोग्राम म्हणजे मेजर (मुख्य विषय) कुठलाही असो, थोडी पोरं वेगळी निवडायची आणि त्यांना पहिल्या वर्षापासून कोअर म्हणून असले सेमिनार द्यायचे. वर्ग छोटा, विषय एकच, उदाहरणार्थ पाणी किंवा साथीचे रोग, कधीकधी शिकवायला दोन वेगळ्या डिपार्टमेंटची माणसं, आणि काम काय तर वाचायचं, भांडायचं, लिहायचं. हे काय काल सुरू झालेलं नाही, स्वार्थमोर नावाच्या कॉलेजात 1922 ला ऑक्सफर्डच्या धर्तीवर ऑनर्सचे सेमिनार सुरू झाले, आणि कोलंबियात तर 1919 पासून कोअरचा कोर्स आहे, तो ऑनर्सवाल्यांनाच नाही, सगळ्यांनाच सक्तीचा. आपल्याकडं मात्र ऑनर्स म्हणजे चौथं वर्ष, आणि हे इकडचे तिकडचे विषय त्याच्या आधीच, सगळ्यांना. नवीन शैक्षणिक धोरण महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांना 2023-24 ला आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांना 2024-25 ला लागू झालं, तेव्हापासून सेमला 22 क्रेडिट आणि त्यात ही सगळी विषयांची बास्केटं. हॉल भरून पोरं, ज्या सरांचा वर्कलोड कमी पडतोय त्यांच्याकडं ओई, पीपीटी, शेवटी एमसीक्यू. असा विषय कुणाला आवडंल सांग की.

पण म्हणून विषयच फालतू, हे मला पटत नाही.

एकदा आम्ही केमिस्ट्रीची आणि कॉमर्सची पोरं मिळून करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर नेली, दोन डिपार्टमेंटच्या माणसांचं आपापसात जमतं एवढंच कारण, सिलॅबसमध्ये तसं काही लिहिलेलं नव्हतं. काहिलीत (मोठ्या कढईत) उसाचा रस उकळत होता, भेंडीची झाडं ठेचून केलेलं चिकट पाणी त्यात ओतलं की मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढून टाकतात, मग चुना, कारण रस आंबट असतो आणि आंबट राहिला तर साखरेचे रेणू फुटतात आणि गूळ नीट बसत नाही. आमची पोरं खूश, पीएच पेपर घेऊन आलेलीच होती. चुना जास्त पडला की गूळ काळपट होतो हे गुळव्या (गूळ बनवणारा) बोलता बोलता सांगून गेला. मग हायड्रॉस पावडरचा विषय निघाला. हायड्रॉस म्हणजे सोडियम डायथायोनाइट, रिड्यूसिंग एजंट, रंग देणाऱ्या रेणूंना रिड्यूस करतं आणि गूळ पिवळाधमक दिसतो, पण पुढं हवा लागून रंग परत गडद व्हायला लागतो, शिवाय आत सल्फर डायऑक्साइड राहतो, म्हणून त्याला कायद्यानं मर्यादा आहे. एवढं केमिस्ट्रीच्या पोरानं घडाघडा सांगितलं आणि वर विचारलं, मग घालताच कशाला?

त्याचं उत्तर केमिस्ट्रीत नव्हतंच. ते कॉमर्सच्या पोरीनं काढलं, तिच्या घरचेच मार्केट यार्डात आहेत. सौद्यात गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडून बघतात तेव्हा नजर आधी रंगावर जाते, इथला गूळ मोठ्या प्रमाणात गुजरातला जातो आणि पिवळ्याला भाव चढतो, मग एकटा गुऱ्हाळवाला शहाणपणा करून काळा गूळ घेऊन गेला तर त्याचा तोटा त्यानंच सोसायचा. येताना गाडीत दोघं भांडत होती, तो म्हणतोय टेस्टिंग कडक करा, ती म्हणतेय आधी ग्रेडिंग बदला, रंगावरचं. तुझी बहीण ज्याला ऑनर्सचा कोअर कोर्स म्हणते ना, तो हाच. फक्त तिला त्याचे क्रेडिट मिळतात आणि आमच्या पोरांना त्या दिवशी गूळ-शेंगदाणे मिळाले.

आता तुझ्या कामाचं. थिअरीचं 1 क्रेडिट म्हणजे 15 तास, म्हणजे 2 क्रेडिटचा ओई 30 तासांचा. तेवढ्यात कोण कॉमर्स शिकत नाही आणि शिकायचं पण नाहीय, एक प्रश्न धरता आला तरी बास. प्रोजेक्ट किंवा असाइनमेंट असंल तर टॉपिक तूच सुचव, सर बहुतेक वेळा हो म्हणतात, कारण त्यांना पण तीच ती नेटवरनं उचललेली पानं वाचून कंटाळा आलेला असतो. गूळ नको तर पूर घे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा आणि 43 फुटाला धोका, हे इथल्या पोराटोरांना पण पाठ आहे, पण पाणी ओसरल्यावर विहिरीच्या पाण्यात काय काय सापडतं आणि दुकानदाराच्या मालाचा विमा कुठं अडकतो ह्या दोन्ही गोष्टी एका वहीत कोण लिहीत नाही.

आणि ओई निवडताना स्कोरिंग कुठला हे सिनियरला विचारून ठरवू नकोस. सगळी तिकडंच पळतात आणि मग हॉल भरतो. तुमच्या कॉलेजात चांगला पर्याय नसंल तर सरकारच्या स्वयं पोर्टलवरचे ऑनलाइन कोर्स बघ, त्यातले काही क्रेडिटसाठी धरतात, पण कुठले धरतात ते भरायच्या आधी ऑफिसात विचार, नंतर नाही, आणि एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी काढून ठेव, क्रेडिट तिथंच जमा होतात.

चौथ्या वर्षाबद्दल आत्ताच डोकं लावू नकोस, पण दार उघडं ठेव. यूजीसीच्या आराखड्यात पहिल्या सहा सेमला 75 टक्के किंवा त्याहून जास्त असणाऱ्यांनाच रिसर्चसह ऑनर्स घेता येतं, त्यात 12 क्रेडिटचा रिसर्च प्रोजेक्ट असतो, आणि नंतर पीजी एका वर्षात होतं किंवा थेट पीएचडीला अर्ज करता येतो. इंडस्ट्रीत जायचं असंल, शिरोलीला नाहीतर कागलला एमआयडीसीत जॉब बघायचा असंल, तर तीन वर्षांत बाहेर पडलास तरी काय बिघडत नाही. रिसर्च करायचा असंल तर मात्र प्रोजेक्टचा विषय सातव्या सेमला शोधत बसायला लागू नये, आणि मी बघितलंय की ज्या पोरांकडं तो तयार असतो त्यांना तो मेजरच्या पेपरात क्वचितच सापडलेला असतो.

आयकेएसबद्दल विचारलंयस त्यावर मी गप्प बसते, ते कोण शिकवतंय त्यावर आहे सगळं. सीसीला एनएसएस घे, निदान कॅम्पला जेवण चांगलं असतं.