इंग्लंडमधल्या डार्टमूर माळावरच्या विडिकम गावात तासाभरात काय काय बघून होईल?

तासाभरात गावाच्या पाटीपुढे फोटो आणि क्रीम टी (चहाबरोबर स्कोन, जॅम आणि घट्ट साय), एवढंच होईल. गाव बघायचं असेल तर अर्धा दिवस काढा.

मी एक्झिटरला राहतो. आत्या आणि आतेभाऊ आले होते तेव्हा त्यांना तिथं घेऊन गेलो. आतेभावानं तिथून एकच गोष्ट उचलली: जॅन रेनॉल्ड्स नावाचा जुगारी हातात पत्ते घेऊन चर्चमध्ये झोपला, सैतान त्याला न्यायला आला आणि घोडा मनोऱ्याला बांधला. लग्नकार्यात तो हे अजून रंगवून सांगतो आणि मला दर वेळी चीड येते. अहो, माणसं मेली आहेत तिथं! 21 ऑक्टोबर 1638, रविवार, दुपारची प्रार्थना चालू. वीज पडली, मनोऱ्याचा सुळका छप्पर फोडून आत कोसळला. 4 जण गेले, साठेक जखमी झाले. गावच्या मास्तरांनी त्यावर रचलेलं पद्य मनोऱ्याखाली फळ्यांवर रंगवलेलं आहे. ते वाचायला याला वेळ नव्हता, आइस्क्रीमच्या रांगेत उभं राहायला होता.

एवढ्याशा गावात 120 फुटी मनोरा आला कुठून, हे विचारा ना! माळावरच्या कथलाच्या पैशातून. खाणवाल्यांचं कथील शेजारच्या अ‍ॅशबर्टनला तोलून, छाप मारून विकलं जायचं.

आत्यानं मात्र मान वर करून छत बघितलं. तुळया जुळतात तिथं लाकडात कोरीवकाम आहे, त्यातल्या एका ठिकाणी तीन ससे गोल धावतायत. कान तीनच, पण प्रत्येक सशाला दोन दिसतात. आत्या हवेत बोट फिरवत पुन्हा पुन्हा मोजत होती. हीच रचना चीनमधल्या दुनहुआंगच्या लेण्यांत आहे, म्हटल्यावर तिथल्या बाकावर बसूनच राहिली.

बाहेर पडलात की शेजारीच सोळाव्या शतकातलं चर्च हाउस आहे. पुढे तिथं गरिबांची सोय झाली, शाळाही भरली. गाडी असेल तर उत्तरेला ग्रिम्सपाउंडला जा, कांस्ययुगातल्या 24 गोल घरांचे पाये दगडी गडग्याच्या आत उभे आहेत.

हां, ससे म्हणजे खाणवाल्यांची खूण असं सांगतात, त्याला पुरावा नाही. रस्ते अरुंद आहेत, समोरून गाडी आली की रिव्हर्स घ्यावी लागते. सप्टेंबरातल्या दुसऱ्या मंगळवारी जत्रा असते, चर्च निवांत बघायचं असेल तर तो दिवस टाळा. आणि बरोबर कुणी घाई करणारा असेल तर त्याला आइस्क्रीमच्या रांगेत सोडून तुम्ही सरळ आत जा.