घोडे घेऊन किनाऱ्यावर मुक्कामाला जाण्याआधी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन घोडे आणि तीन रात्री मालवण-देवगडच्या पट्ट्यात, हा तुझा बेत चांगला आहे. जानेवारी निवडलास तेही बरं केलंस. तू लाटांबद्दल विचारलं आहेस, पण लाटांची धास्ती घोड्याला दुसऱ्या दिवसापर्यंतच असते. मुक्काम बिघडतो तो पोटात गेलेल्या वाळूने आणि न प्यायलेल्या पाण्याने. दिवसातले वीस-बावीस तास घोडा नुसता उभा राहणार आहे. ते तास कुठे आणि कसे जातील ते आधी ठरव, रपेटीचं नंतर बघू.

पाण्यापासून सुरुवात कर. इथलं पाणी प्यायला सवकलेला घोडा किनाऱ्यालगतच्या विहिरीचं मचूळ पाणी हुंगतो आणि तोंड फिरवतो. तो पाणी प्यायला नाही की लीद कोरडी पडते, आतड्यात अडते आणि पोटशूळ उठतो. म्हणून निघण्याच्या पाच दिवस आधीपासून घरीच पंधरा लिटरच्या बादलीत लिंबाएवढा गुळाचा खडा विरघळवून पाज. तिथेही तोच गूळ, तेवढाच घाल, म्हणजे पाण्याची चव बदलल्याचं त्याला कळत नाही. शेजारी साध्या पाण्याची बादलीही असू दे. साडेतीनशे किलोचा घोडा थंडीत वीस-पंचवीस लिटर पितो, पण दमट हवेत घाम गाळला की चाळीसवर जातो. दोघांना रोज 80 लिटर पिण्याचं आणि अंगावरचं मीठ धुवायला आणखी 50 लिटर धर. मिठाचा थर तंगाखाली, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याखाली, राहिला तर दुसऱ्याच दिवशी कातडी सोलवटते. खुराकात रोज 30 ग्रॅम मीठ घाल. घोडा पुरेसं पितोय का हे बघायचं तर खांद्याच्या पुढची कातडी चिमटीत धरून सोड. ती दोन सेकंदांत सपाट व्हायला हवी.

वैरण इथूनच ने. कोकणात भाताचा पेंढा मुबलक मिळेल, पण त्यात कस नसतो, आणि वैरण एकाएकी बदलली की घोड्याचं पोट बिघडतं. वजनाच्या दोन टक्के, म्हणजे घोड्यामागे दिवसाला सात किलो सुकं गवत लागतं. दोन घोडे, चार दिवस, झाले 56 किलो. एक दिवस जादा धरून 70 किलो बांध. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, मात्र कमी कर. उभ्या घोड्याला पूर्ण चंदी देणं म्हणजे दुखणं विकत घेणं.

आता वाळू. घोडा जमिनीवर पडलेलं शेवटचं पानही ओठांनी वेचतो आणि त्याबरोबर वाळू गिळतो. ती मोठ्या आतड्याच्या तळाशी साचत जाते. त्यामुळे गवत जाळीतच द्यायचं. जाळी घोड्याच्या डोळ्यांच्या उंचीला बांध, कारण रिकामी झाल्यावर ती खाली लोंबते आणि तिच्यात खूर अडकतो. जाळीखाली अडीच मीटर लांबी-रुंदीची ताडपत्री अंथर आणि दोन वेळा झाड. चंदी तोबऱ्यातून, म्हणजे तोंडाला अडकवायच्या पिशवीतून दे, पण संपताच तोबरा काढ. तोबरा तोंडाला असताना घोडा पाण्यात मान घालेल तर गुदमरेल.

रोज सकाळी एक परीक्षा कर. ताज्या लिदीचे सहा गोळे वरवरचे, जमिनीला न लागलेले उचल, पारदर्शक पिशवीत पाण्यात कालव आणि पिशवी वीस मिनिटं टांगून ठेव. तळाचा कोपरा बोटांनी चाचप. चिमूटभर वाळू लागली तर ताडपत्रीची शिस्त वाढव. चमचाभर लागली तर मुक्काम आवर आणि डॉक्टरांना फोन कर. वाळू बाहेर पडायला इसबगोल किती द्यायचा ते त्यांनाच ठरवू दे.

घोडे मेख ठोकून बांधायचा तुझा अंदाज चुकतोय. आगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून-मागून मेखांना बांधायच्या दोऱ्या, आपल्या काळ्या रानात पक्की बसते, पण पुळणीत, किनाऱ्याच्या वाळूत, मेख दोन हिसक्यांत निघते आणि सुटलेला घोडा अंधारात खाडीच्या खाजणात, दलदलीत रुततो. दोन झाडांमध्ये आडवा दोर बांध. झाडांत आठ-दहा मीटर अंतर हवं, आणि दोर तुझ्या डोक्याच्या वर, सव्वादोन मीटरवर, ताठ ओढलेला. साल सोलू नये म्हणून बुंध्याला चार बोटं रुंद पट्टा आधी गुंडाळ. म्होरकीची दोरी इतकीच लांब ठेव की नाक जमिनीपर्यंत पोहोचेल, पण पाय दोरीवर पडणार नाही. घोड्याघोड्यांत तीन मीटर आणि झाडापासून दोन मीटर सोड. गाठ ओढताच सुटणारी हवी. हा दोर पहिल्यांदा समुद्रावर बांधू नकोस. घरच्या शेतात दोन रात्री बांधून बघ.

झाड निवडताना माडाखाली अजिबात नको. पंधरा मीटरवरून सुटलेला नारळ किंवा झावळ घोड्याच्या पाठीवर पडली तर काय होईल ते सांगायला नको. सुरूचं बन किंवा आंब्याची वाडी चांगली, मालकाला विचारून. कुंपणाला कण्हेर आहे का ते आधी फिरून बघ, पिवळी बिट्टीसुद्धा. कण्हेरीच्या दहा-वीस पानांनी घोडा मरतो, आणि वाळलेलं पानही तितकंच विषारी असतं. कातळसड्यावर फुरसं हा विषारी साप असतो, म्हणून दगडांच्या ढिगाजवळ मुक्काम टाळ.

तंबू किंवा दोर पुळणीवर नकोच. वरच्या कोरड्या वाळूत या दिवसांत कासवांची अंडी असतात, घोड्याच्या खुराखाली घरटं चेपतं. वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर गावकरी ही घरटी जिवापाड जपतात. घोड्याची वाट त्यांनाच विचार. ग्रामपंचायतीचीही परवानगी आधी घे.

भरतीचा जुना ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा वाजता. गावागणिक तासाभराचा फरक पडतो, म्हणून तिथल्या मच्छीमारांना विचारून खात्री कर. द्वितीया-तृतीयेला भरती दुपारी दीड-दोनच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी सकाळी सात-साडेसातला. उधाणाचे दिवस असल्यामुळे ओहोटीला ओली, टणक वाळू खूप रुंद उघडी पडते आणि उन्हाआधी रपेट होते. मोकळ्या कोरड्या वाळूत पळवू नकोस. तिथे खूर खोल जातो आणि पायाच्या नळीमागचा कंडरा ताणला जाऊन सुजतो. ती सूज उतरायला महिने लागतात. पहिल्या दिवशी पायी, लाटांना समांतर चाल. शांत, वयस्क घोडा समुद्राच्या बाजूला आणि नवखा आतल्या बाजूला.

हवेचा एक हिशोब ठेव. फॅरनहाइटमधलं तापमान आणि आर्द्रतेचा टक्का यांची बेरीज दीडशेवर गेली की जपून, एकशेऐंशीच्या पुढे खोगीरच घालू नकोस. आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम वाळतो, तिथे तो नुसता निथळतो आणि अंग थंड होत नाही.

प्रवासाचं थोडक्यात. फोंडा घाटाने जा, पण पहाटे पाचला निघ, म्हणजे दाजीपूरचा रस्ता उजाडल्यावर लागेल. अंधारात तिथे गवे आडवे येतात. गाडीत घोड्यामागे सव्वादोन चौरस मीटर जागा हवी आणि तळाला घसरू नये म्हणून ओला भुसा. घोड्याची मान उंच आवळून बांधू नकोस. मान खाली जाऊ दिली नाही तर छातीत घाण साचते आणि ताप येतो. घाट उतरताना चालकाने एकसारखा ब्रेक दाबू नये, लहान गिअरमध्ये उतरावं. जवळ तंदुरुस्तीचा दाखला, ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा अहवाल आणि धनुर्वाताच्या लसीची नोंद ठेव. त्या तालुक्यातल्या पशुवैद्यकाचा नंबर आधीच मिळवून ते घोडे बघतात का ते विचार.

पोट दुखायला लागलं तर घोडा कुशीकडे वळून बघतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, लोळतो, लीद थांबते. वैरण लगेच काढ, नाडी मोज (उभ्या घोड्याची मिनिटाला 28 ते 44) आणि ती साठवर गेली तर लगेच डॉक्टरांना बोलाव आणि ते येईपर्यंत हळूहळू चालव. बाटलीने काढा किंवा तेल पाजायच्या भानगडीत पडू नकोस, ते फुप्फुसात उतरतं.

परतल्यावर आठवडाभर रोज लिदीची पिशवी लावत राहा. सलग तीन दिवस वाळू लागली नाही की चंदी हळूहळू पूर्ववत कर. नालबंदाला बोलावून नाल आणि खिळे तपासून घे. खाऱ्या पाण्याने खिळे गंजून सैल होतात आणि ते वरून दिसत नाही.

कळावे.