'ते आलं' नको. आणि 'जाईन'ची गंमत

प्रश्न आहे तो असा: ओळखीतली एक व्यक्ती स्वतःला ना पुरुष मानते, ना स्त्री. तिच्याबद्दल बोलताना 'ते आलं, ते गेलं' असं नपुंसकलिंग चालेल का?

मुळीच नाही. 'मराठीत तिसरं लिंग आयतं आहेच की!' हे हल्ली उठसूट ऐकू येतं आणि दर वेळी डोकं फिरतं. मोठ्या माणसाला आपण 'आलं' कधी म्हणतो? कार्टं आलं, ध्यान आलं. एक तर लाडात, नाहीतर तुच्छतेने. तो, ती की आदरार्थी 'ते आले', हे त्या व्यक्तीलाच विचारा. संपलं.

खरी कोंडी 'मी'ची आहे. 'मी जातो' की 'मी जाते'? तोंड उघडलं की लिंग जाहीर. पण 'मी जाईन' म्हणा, काही कळत नाही! का? 'जाईन'च्या मुळाशी संस्कृत 'यामि'च्या (म्हणजे 'मी जातो/जाते') घराण्यातलं अस्सल क्रियापद आहे, आणि संस्कृत क्रियापदाला लिंग नसतं: रामही गच्छति, सीताही गच्छति. 'जातो'तला 'जात' मात्र प्राकृत 'जंत'वरून आलेला, म्हणजे धातुसाधित विशेषण. विशेषण म्हटलं की लिंग चिकटलंच. थोडक्यात, 'मी जातो' म्हणणारा क्रिया सांगता सांगता स्वतःला विशेषण लावून घेत असतो.

आता कोल्हापूर. तिथल्या बायका सर्रास 'मी येतो', 'मी जेवलो' म्हणतात. शुद्धलेखनवाले याला गावंढळ चूक म्हणतात. त्यांनी कान कधी सीमेपलीकडे नेलेले नाहीत. कन्नडमध्ये 'नानु बरुत्तेने' ('मी येतो/येते') बाईही म्हणते, बुवाही. प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगच नाही. माझा ठाम तर्क असा, की या शेजारामुळेच तिथला 'येतो' पुल्लिंगी उरला नाही, सर्वांचा झाला. पुराव्याचा कागद मागू नका, पण दुसरं पटेलसं कारण कुणी दिलेलं माझ्या वाचनात नाही. आणि व्याकरणाचा धाक घालणाऱ्यांनी संस्कृत व्याकरणावरचं पतंजलीचं महाभाष्य उघडावं: 'लिङ्गमशिष्यं लोकाश्रयत्वाल्लिङ्गस्य'. लिंग शिकवायची गोष्टच नव्हे, ते लोकांच्या वापरावर ठरतं. वैयाकरणच हे म्हणतोय!

निपाणी-बेळगावकडच्या वाचकांनी एवढं सांगावं: शाळकरी मुली अजून 'मी येतो' म्हणतात, की मालिका बघून 'येते'वर आल्या?