जुनी सित्रोएन २सीव्ही घ्यावी का, आणि ती घरच्या घरी सांभाळता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : नोकरीसाठी पुण्याहून फ्रान्समधल्या लियोंला आलात, जवळच्या गावात १९८३ सालची सित्रोएन २सीव्ही ही जुनी फ्रेंच गाडी विकायला आहे, बघितल्यापासून ती डोक्यातून जात नाही, पण आजवर पाना हातात धरलेला नाही. घ्यावी का, आणि सांभाळणं झेपेल का?

घ्या. पण चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, चांगली असेल तरच.

मी क्लेरमाँ-फेराँला राहते आणि गेली नऊ वर्षं १९८४ ची २सीव्ही६, म्हणजे ६०२ सीसी इंजिनाची २सीव्ही, चालवते. आठवड्यातले तीन-चार दिवस ती रस्त्यावर असते. सुरुवातीला मलाही यातलं काही येत नव्हतं. इचलकरंजीला वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती, तिचं बॉनेट उघडलं की मी टॉर्च धरून उभी राहायची, एवढाच माझा अनुभव.

गाडी बघायला जाणारे सगळे इंजिनापाशी थांबतात. त्याचा आवाज ऐकतात, धूर बघतात. या गाडीत इंजिनाची चिंता शेवटी करा. हवेवर थंड होणारं दोन सिलिंडरचं ६०२ सीसीचं ते इंजिन आहे. त्याला रेडिएटर नाही, पाणी नाही, टायमिंग बेल्ट नाही, हेड गॅस्केटसुद्धा नाही. जे नाहीच ते बिघडणार कसं? जे आहे ते दोघं जण मिळून हाताने उचलून बाहेर काढू शकतात. खरा शत्रू आहे गंज, आणि तो लागतो खालून. २सीव्हीची चॅसी म्हणजे पातळ पत्र्याची एक चपटी पेटी. दोन्ही बाजूंना लांब पोकळ तुळया आणि मध्ये पत्रा. पाणी आत शिरतं, बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि तुळई आतून सडत जाते. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, मग तर बघायलाच नको. बाहेरून रंग छान, सीटकव्हर नवी, छताचं कापड कोरं, आणि खाली चाळण, अशा गाड्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

मी घ्यायला निघालेली पहिली गाडी तशीच होती. खालून ताजं काळं डांबरी कोटिंग मारलेलं. विकणारा म्हणाला, संरक्षणासाठी लावलंय. माझ्यासोबत शेजारचे आजोबा आले होते. निवृत्त शेतकरी, आयुष्यात चार २सीव्ही वापरलेले. ते काही बोलले नाहीत. गुडघ्यावर बसले, जाड स्क्रू ड्रायव्हरची मूठ तुळईवर ठोकत मागून पुढे सरकत गेले. टण, टण, टण आणि मग एकदम बद्द. तिथे टोक टेकवून जरा जोर दिला तर स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत. कोटिंगखाली पत्रा नव्हताच, गंजाचा चुरा होता. आम्ही आभार मानून परत आलो. तो आवाज मी कधी विसरणार नाही.

चॅसी गेली म्हणजे गाडी गेली असं मात्र नाही. बॉडी चॅसीवर बोल्टने बसवलेली असते, आणि गॅल्व्हनाइझ केलेली नवी चॅसी आजही बनते. ती बदलून घेतली तर पुढची कित्येक वर्षं निर्धास्त. पण मजुरी धरून खर्च हजारो युरोंत जातो, म्हणून ती बदललेली आहे का हे विचारा, आणि असेल तर पावती बघायला मागा. अशा गाडीला दोन पैसे जास्त द्यायला मी कधीच नाही म्हणणार नाही.

ही गाडी इतकी साधी का, हे कळलं की तिच्याशी वागणं सोपं जातं. १९३४ च्या अखेरीस सित्रोएनचं दिवाळं निघालं आणि कंपनी मिशलँच्या, म्हणजे आमच्या क्लेरमाँच्या टायरवाल्यांच्या हातात आली. त्यांनी पाठवलेले पिएर-ज्यूल बुलांजे यांनी इंजिनिअरांपुढे मागणी ठेवली ती अशी : दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे ताशी साठच्या वेगाने न्यायचे, शंभर किलोमीटरला तीन लिटर पेट्रोल, आणि नांगरलेल्या शेतातून गेली तरी टोपलीतलं एक अंडं फुटता कामा नये. ज्या माणसाने तोवर घोडागाडीच हाकली, ज्याच्या गावात गॅरेज नाही, त्याच्यासाठी ही गाडी होती. मध्ये महायुद्ध आलं. ती लोकांपुढे आली १९४८ च्या ऑक्टोबरमध्ये, पॅरिसच्या प्रदर्शनात. पत्रकारांनी टिंगल केली आणि लोकांनी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यादी लावली. शेवटची गाडी २७ जुलै १९९० ला पोर्तुगालमधल्या माँगुआल्दच्या कारखान्यातून निघाली, तोवर ३८ लाखांहून जास्त झाल्या होत्या. बुलांजे १९५० साली आमच्या इथून जवळच, ब्रू-व्हेर्ने गावापाशी, मोटार अपघातात गेले. त्या बाजूला गेले की मला त्यांची आठवण येतेच.

सांगायचा मुद्दा हा, की शेतकऱ्याला आपल्या अंगणात उघडता यावी म्हणूनच ही गाडी बनवलेली आहे. पुढचे मडगार्ड थोडे बोल्ट काढले की हातात येतात. सीट उचलून बाहेर गवतावर टाकून बसता येतं. चाकाला नट तीनच. आणि ज्या हँडलने ते खोलायचे, तेच पुढून खुपसून बॅटरी उतरलेल्या दिवशी इंजिन फिरवता येतं.

आता प्रत्यक्ष काम कसं असतं ते एका उदाहरणाने सांगते, म्हणजे अंदाज येईल. माझ्या गाडीत अजून मूळचे पॉइंट आहेत, म्हणजे उघडझाप करून ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क. २सीव्हीला डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्लगांना आळीपाळीने ठिणगी वाटून देणारा भाग, नसतो. दोन्ही प्लगवर एकदमच ठिणगी पडते, त्यातली एक कामाची आणि एक वाया. पॉइंटची डबी मात्र इंजिनाच्या थेट पुढे, पंख्याच्या मागे लपवली आहे. पहिल्यांदा बघाल तेव्हा वैतागाल. पुढची जाळी काढायची, पंख्याच्या मधल्या नळीत खोलवर एक बोल्ट असतो तो सोडवायचा, पंखा हलके हलवत मोकळा करायचा. मागे काडेपेटीहून जराशी मोठी डबी दिसते. झाकण काढा, फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीने, ०.४ मिलिमीटरचं अंतर लावा. पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. इंजिनाच्या डाव्या बाजूला एक भोक असतं. त्यात सहा मिलिमीटरची सळई धरायची आणि इंजिन हाताने सावकाश फिरवायचं. फ्लायव्हीलमधलं, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकातलं, भोक समोर आलं की सळई खट्टकन आत बसते. तारेला एक साधा बल्ब जोडून ठेवलेला असतो. आता ती डबी केसाएवढी सरकवत जायची. ज्या क्षणी बल्ब लागतो, तिथे स्क्रू आवळायचे. झालं टायमिंग. कॉम्प्युटर नाही, मशीन नाही, एक सळई आणि एक बल्ब. पहिल्या वेळी मला अख्खा शनिवार लागला होता, आता तासाभरात होतं. हे नको असेल तर इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून मिळतं, तुमच्या गाडीला कदाचित आधीच बसवलेलं असेल. त्यात कमीपणा काही नाही.

बाकी रोजच्या निगेत दोन गोष्टी जिवाच्या आहेत, ऑइल आणि ग्रीस.

इंजिनात पाणी नाही म्हणजे त्याला थंड ठेवण्याचा अर्धा भार ऑइलवर. मी दर पाच हजार किलोमीटरला ऑइल बदलते, आणि त्याच वेळी टॅपेट, म्हणजे झडपांची फट, बघते, गार इंजिनावर ०.२० मिलिमीटर. पंख्यामागे छोटा ऑइल कूलर आहे, त्याच्या पाकळ्यांत पाचोळा आणि चिखल अडकतो. तो दरवर्षी उन्हाळ्याआधी साफ करा. इंजिनाला जागोजागी ऑइल सुटलेलं दिसलं तर लगेच सील बदलायला धावू नका. ऑइल भरायच्या नळीतच इंजिनाचा श्वास घेणारी झडप असते. तिचं रबर गेलं की आतला दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. कितीतरी लोक सीलवर पैसे घालतात आणि दोष निघतो त्या एवढ्याशा रबरात.

ग्रीसचं तर बैलगाडीच्या वंगणासारखं आहे. पुढच्या चाकांच्या किंगपिनला, म्हणजे चाक ज्या खिळीवर डावी-उजवीकडे वळतं तिला, मी दर हजार किलोमीटरला ग्रीस गन लावते. गाडी जॅकवर घेऊन, चाक मोकळं लटकत ठेवून. नाहीतर जिथे वजन पडतं तिथेच ग्रीस पोचत नाही. किंगपिन कोरडी पडली की स्टिअरिंग जड होतं आणि वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. तुम्ही गाडी चालवून बघाल तेव्हा हे मुद्दाम तपासा. आणि सस्पेन्शनचं कुईकुई. दोन्ही बाजूंना लांबट डब्यांत स्प्रिंग आहेत, पुढचं आणि मागचं चाक त्यांनी एकमेकांशी जोडलेलं. ती अंड्यांची टोपली सुखरूप राहते ती याच्यामुळे. तो डबा कुरकुरायला लागला की आजोबांनी काय आणून दिलं असेल? एरंडेल. खनिज तेल तिथल्या रबराला मानवत नाही, एरंडेल चालतं. लहानपणी नाक दाबून पाजलेलं एरंडेल मी इथे सिरिंजने गाडीला पाजलं, आणि ती गप्प झाली.

एक धोका तुमच्या सालाच्या गाडीला हमखास आहे, म्हणून ठळक सांगते. १९८१ पासून २सीव्ही६ ला पुढे डिस्क ब्रेक आले, आणि या गाड्यांना नेहमीचं ब्रेक ऑइल चालत नाही. त्यांना हिरवं खनिज तेल लागतं, एलएचएम नावाचं. ड्रम ब्रेकच्या जुन्या गाड्यांना नेहमीचं डॉट ४ च. एकाचं दुसऱ्यात गेलं की आतली रबरं खराब होतात. माझ्या गाडीत पहिल्याच वर्षी एका गॅरेजने सर्व्हिसिंगमध्ये डॉट ४ ची भर घातली. काही आठवड्यांत ब्रेक धरलेलेच राहायला लागले, पेडल सोडलं तरी गाडी मोकळी होईना. पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरपासून सगळी रबरं बदलावी लागली, पाइप धुवावे लागले. तेव्हापासून ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर मी हिरवा रंग लावून ठेवलाय, आणि गाडी दुसऱ्याच्या हातात देताना तोंडी सांगते ते वेगळंच. टाकीत डोकावून बघा, तेल हिरवं दिसलं पाहिजे.

सुट्या भागांची चिंता करू नका, जवळजवळ सगळं नवं मिळतं. १२५ आर १५ मापाचे टायरसुद्धा मिशलँ अजून बनवते. फक्त नव्याने बनवलेल्या रबरी भागांचा दर्जा सारखा नसतो. स्वस्त बुटं, म्हणजे सांध्यांवरची रबरी टोपणं, मी एका वर्षात फाटलेली पाहिली आहेत, त्यामुळे तिथे चार पैसे वाचवू नका. कोणी रेनो ४ सुचवेल. तीही गुणाची, जास्त घरगुती गाडी आहे, पाण्यावर थंड होते आणि हायवेवर जरा बरी. मागचे टॉर्शन बार, म्हणजे पिळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे, एकामागे एक बसवल्यामुळे तिचं उजव्या बाजूचं चाकांमधलं अंतर डाव्याहून जवळपास पाच सेंटिमीटर जास्त आहे, मोजून बघाल तर गंमत वाटेल. गंज तिलाही तसाच लागतो. पण पहिल्यांदा हात काळे करणाऱ्याला मी २सीव्हीच सांगेन, कारण तिथे सगळं डोळ्यांना दिसतं.

चालवण्याबद्दल खरं ते सांगते. २९ हॉर्सपॉवर आहेत. सपाट रस्त्यावर ९० सुखाचे, चढावर ट्रकच्या मागे, आणि समोरून वारा असला की तिसरा गिअर. गिअरचा दांडा डॅशबोर्डमधून बाहेर येतो. डावीकडे वळवून ओढला की पहिला, मग सरळ ढकलला की दुसरा, ओढला की तिसरा. दोन दिवसांत हाताला कळतं. वळणावर ती इतकी झुकते की शेजारी बसलेला माणूस दाराची कडी धरतो, पण चाकं रस्ता सोडत नाहीत. एअरबॅग वगैरे काही नाही. माझी मुलगी लहान होती तेव्हा तिला घेऊन मी मोटरवेवर ही गाडी कधीच नेली नाही, आणि तुम्हालाही तसंच सांगेन. रोज पन्नास किलोमीटर मोटरवेने जायचं असेल तर ही गाडी दुसरी म्हणून ठेवा, एकमेव म्हणून नको.

कागदांचं सोपं आहे. तीस वर्षांवरच्या गाडीला इथे 'कोलेक्सिओं', म्हणजे संग्रहातली गाडी, म्हणून कार्त ग्रीझ, म्हणजे नोंदणीचा कागद, करून घेता येतं. मग तांत्रिक तपासणी दोन वर्षांऐवजी पाच वर्षांनी येते. पण मधल्या वर्षांत ब्रेक आणि किंगपिन कोणी बघणार नाही, ते तुम्हीच बघायचे.

बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करून सांगा, की इंजिन आधी चालू करून ठेवू नका, मला गार इंजिन बघायचंय. सोबत टॉर्च, जाड स्क्रू ड्रायव्हर आणि खाली अंथरायला एक जुनी सतरंजी घ्या. आधी सतरंजीवर आडवे व्हा, दोन्ही तुळया मागून पुढे ठोकत या, कडांचे पत्रे एकमेकांपासून सुटलेत का बघा. मग उभे राहून दार आणि मडगार्डमधली फट वरून खालपर्यंत सारखी आहे का बघा. वर-खाली फरक असेल तर चॅसी वाकली आहे. विकणारा ठोकायला नाही म्हणाला, तर चहा-कॉफीलाही थांबू नका. चॅसीचे फोटो इथेच टाका, रविवारी संध्याकाळी मी बघून सांगते.