शुल्टेनाइट घेण्याआधी

साताऱ्याच्या खडीच्या खाणीत तुला स्टिलबाइट, हुलँडाइट ही झिओलाइट गटातली खनिजं, नशीब असेल तर हिरवट ॲपोफिलाइट मिळेल. शुल्टेनाइट, म्हणजे शिसं आणि आर्सेनिक असलेलं दुर्मीळ खनिज, मात्र इथे शोधत बसू नकोस. आपला दगड बेसॉल्ट; हे खनिज शिशाच्या धातुकाचं ऑक्सिडीकरण होतं तिथे, तेही क्वचितच, तयार होतं. नामिबियातल्या त्सुमेब खाणीतून आलेल्या नमुन्यांवरून ब्रिटिश खनिजतज्ज्ञ स्पेन्सर यांनी 1926 साली त्याचं वर्णन केलं. नाव दिलं ते फिनलंडचे रसायनतज्ज्ञ शुल्टेन यांचं.

स्फटिक रंगहीन, चपटे, दिसायला थेट जिप्समसारखे. पण हातात घे, फरक लगेच कळतो: जिप्समची घनता 2.3, याची जवळपास 6. खरी अडचण अँगलेसाइटची आहे. तेही शिशाचं, तेही रंगहीन, घनता 6.3 च्या आसपास आणि त्सुमेबलाच सापडणारं. दगडाला चिकटलेल्या बारीक स्फटिकाचं वजन घेऊन हे दोन वेगळे करता येत नाहीत. म्हणून क्ष-किरण किंवा रामन (लेसरच्या प्रकाशाने खनिज ओळखणाऱ्या) तपासणीचा अहवाल नसेल तर विकणारा कितीही गोड बोलो, पैसे देऊ नकोस.

आणि हे कळकळीने सांगतो. झिओलाइटवरचा कॅल्साइट काढायला आपण आम्ल वापरतो, ते इथे अजिबात नको. यात शिसं आणि आर्सेनिक दोन्ही आहेत. घासू नकोस, तापवू नकोस, हाताळल्यावर साबणाने हात धू. डबी झाकणाची हवी, त्यावर 'विषारी' अशी चिठ्ठी, आणि ती घरातल्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कुलपाच्या कपाटात. कठीणपणा 10 पर्यंतच्या मोस मापावर जेमतेम 2.5, त्यामुळे डबीत नमुना हलता कामा नये.